उपकारस्तुतीचं पाकीट

आमच्या मंडळीत दर रविवारी दानार्पणाच्या वेळी पाळकसाहेब उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेल्या दानाची, पाकिटं वाचून दाखवतात. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मीही आयुष्यभर अशी पाकिटं देत आले. पहिल्या पगाराचं दिलं, मुलाच्या जन्माचं दिलं, नर्सिंगच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाही दिलं. गेल्या नाताळात शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, मुलांचा कार्यक्रम चालला होता. पुठ्ठ्याचे पंख लावलेली चार-पाच वर्षांची एक मुलगी आपलं वचन, म्हणजे बायबलमधली पाठ केलेली ओळ, विसरली आणि तिच्या बाईंनी पडद्याआडून नुसते ओठ हलवून तिला ते आठवून दिलं. ते पाहिलं आणि मनात लख्ख उभं राहिलं, की माझ्यासाठी असे ओठ हलवणाऱ्या माणसांच्या नावाचं पाकीट मी कधीच दिलेलं नाही.

फेब्रुवारीत एक कोरं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि चार दिवसांसाठी निघाले. ज्या-त्या जागी जायचं, तिथे बसून ज्याचं-त्याचं नाव पाकिटावर लिहायचं आणि रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये ते द्यायचं, एवढंच ठरवलं होतं.

पहिला दिवस, गुरुवार : केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी. हडपसर, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. आम्हा नगरकडच्या माणसांना केडगाव म्हटलं की नगरला लागून असलेलं केडगाव आठवतं. हे दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. या दिवसांत इकडे ऊसतोड चालू असते. खुटबाव सुटल्यावर गुऱ्हाळाचा गोड, जरासा करपलेला वास डब्यात आला आणि मला बाईंचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. "माझ्या माहेराला गुळाचा वास येतो," असं त्या सांगायच्या. आम्हा पोरांना ते माहेर म्हणजे स्वर्गच वाटायचा.

बाई म्हणजे आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई. आमचं गाव नेवासे तालुक्यात, वडाळ्यापासून थोडं आत. बाई तिथे लग्न होऊन आल्या, वाढल्या मात्र केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या संस्थेत. तीन-चार वर्षांच्या असताना कुणीतरी त्यांना तिथे आणून सोडलं. आईवडिलांची नावं माहीत नाहीत, जन्मतारीख माहीत नाही. पण "मी अनाथ" हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. विचारलं तर म्हणायच्या, "मला आया पुष्कळ होत्या."

आधी पत्र लिहून परवानगी घेतली होती, त्यामुळे आत हिंडता आलं. झाडं खूप आहेत. कुठून तरी मुलींचं गाणं ऐकू येत होतं, आणि मी उगाचच त्या आवाजांत एक ओळखीचा आवाज शोधत राहिले.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. केडगावची जमीन पुढे घेतलेली. मग १८९६-९७चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या बायका-मुलींना इकडे घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळानंतर इथली संख्या २०००च्या घरात गेली होती. इतक्या जणींना रोज दोन वेळा जेवू घालायचं, त्यांना लिहा-वाचायला शिकवायचं, हाताला काम द्यायचं. मी रुग्णालयात तीस खाटांचा वॉर्ड सांभाळलेला आहे, त्यामुळे या आकड्यापुढे मी नुसती उभी राहते.

पण मला इथे यायचं होतं ते दुसऱ्याच कारणाने. रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, आणि तेव्हाचं मराठी बायबल त्यांना आपल्या मुलींसाठी फार संस्कृतप्रचुर वाटलं. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि मूळ भाषांमधून साध्या मराठीत सबंध पवित्र शास्त्र उतरवलं. ते छापण्याचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ला, रमाबाई झोपेतच गेल्या. ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.

आता आमच्या बाईंचं सांगते. शब्बाथ शाळेत वचन पाठ करून घेण्याआधी बाई ते आमच्या बोलीत सांगायच्या. पुस्तकातली भाषा नंतर. तेविसावं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे, शिकवायचं होतं तेव्हा त्यांनी आम्हाला वर्गात बसवलंच नाही. गावाबाहेर एका शेतात धनगरांचा वाडा उतरला होता, तिथे आम्हाला रांगेने नेलं. खतासाठी मेंढरं बसवलेली. एक म्हातारा धनगर लंगडणारं कोकरू काखेत घेऊन उभा होता आणि दुसऱ्या हाताने चिलीम झाडत होता. बाईंनी त्याला विचारलं, "बाबा, तुम्ही मेंढरं मोजता का हो?" तो म्हणाला, "मोजायची कशाला? एखादं नसलं म्हंजी कळतंच की." बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? चला आता." वचन पाठ झालं पुढच्या रविवारी, पण मला ते कळलं त्या शेतात.

ही बाईंची स्वतःची रीत, असं मी साठ वर्षांची होईपर्यंत समजत होते. रमाबाईंच्या कबरीपाशी उभी राहिले तेव्हा उमगलं, की ती रीत इथून निघाली होती. देवाचा शब्द ऐकणारीच्या भाषेत आणून द्यायचा, तिने त्याच्यापर्यंत चढून यायचं नाही. रमाबाईंच्या हाताखालच्या बायकांनी बाईंना वाढवलं आणि बाईंनी ते वडाळ्याजवळच्या एका खेड्यात आणून आमच्या ओंजळीत घातलं.

संध्याकाळी पाकिटावर बाईंचं नाव लिहिलं. लग्नानंतरचं आडनाव लिहू की फक्त नाव, यावर बराच वेळ थांबले. शेवटी नुसतं नाव लिहिलं, जे मुक्तीतल्या आयांनी ठेवलं होतं तेवढंच.

दुसरा दिवस, शुक्रवार : नगर

केडगावहून दौंड, आणि दौंडला गाडी बदलून नगर. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं. दौंड सुटलं की भीमेचा पूल लागतो. त्यापुढे काष्टी, बेलवंडी, विसापूर करत गाडी निवांत जाते. दोन्हीकडे ज्वारी काढणीला आली होती.

१९७७ साली आठवीला मी इथल्या मुलींच्या वसतिगृहात आले. नगर हे मराठी ख्रिस्ती माणसाचं आजोळ म्हणावं असं गाव आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे काम सुरू केलं. मिस सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, नंतर नगरला येऊन राहिल्या आणि मुलींच्या शाळा चालवता चालवता १८६२ साली इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या, हे आता सगळ्यांना माहीत आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक इथे राहिले, त्यांची कितीतरी गीतं या गावात पहिल्यांदा गायली गेली. आमच्या वसतिगृहात या माणसांची नावं आत्या-मामांसारखी घेतली जात.

तिथल्या आमच्या मोठ्या बाई, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख, अंगाने किरकोळ आणि आवाजाने भारदस्त. दर शनिवारी रात्री जेवणं झाली की त्या नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणींचं पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसायच्या आणि आम्ही चाळीस मुली गोधड्या पांघरून ऐकायचो. हसून हसून पोटात दुखायचं. आणि मध्येच सगळ्या गप्प व्हायच्या.

दहावीच्या वर्षी माझ्या बरोबरीच्या मुलींचे दृढीकरणाचे, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याच्या विधीचे, वर्ग सुरू झाले. मी नाही म्हणाले. का ते उद्याच्या दिवसात सांगेन. माझ्या मनात देवाशी एक भांडण होतं आणि ते मिटलेलं नसताना सगळ्यांसमोर गुडघे टेकून "माझा विश्वास आहे" म्हणणं मला खोटं वाटत होतं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला चार लोकांत सुनावलं, की मिशनच्या भाकरीवर वाढलेल्या मुलीला हा ताठा शोभत नाही. मी रडत खोलीवर आले.

मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या स्टोव्हवर चहा करत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "टिळकांचा बाप्तिस्मा कधी झाला?"

मी म्हणाले, "१० फेब्रुवारी १८९५." हे आम्हाला पाठच होतं.

"आणि लक्ष्मीबाईंचा?"

"१९०० साली."

"म्हणजे किती वर्षांनी?"

"पाच."

"नवऱ्यासारखा नवरा ख्रिस्ती झालेला, घरदार मोडलेलं, तरी त्यांनी पाच वर्षं घेतली. देव थांबला ना? मग तुला घाई कसली?" आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही. त्या वडीलधाऱ्या माणसाला त्या काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, पण पुन्हा त्याने माझं नाव घेतलं नाही.

बारावीच्या वर्षी मी स्वतः होऊन सांगितलं आणि ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये माझं दृढीकरण झालं. आज दुपारी तिथे जाऊन बसले. आत कुणी नव्हतं. मी कुठल्या जागी गुडघे टेकले होते ते शोधलं, साधारण सापडलं. मोठ्या बाई त्या दिवशी दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, खाली मान घालून रुमाल शोधत होत्या.

कबरस्तानात त्यांची कबर सापडायला तास लागला. दगडावरची अक्षरं झिजली आहेत. पदराने पुसली, बाटलीतलं पाणी घालून बोटाने कोपऱ्यातली माती काढली, तेव्हा जन्माचं साल वाचता आलं. तिथेच कठड्यावर बसून दुसरं नाव लिहिलं.

तिसरा दिवस, शनिवार : वडाळा आणि आमचं गाव

तारकपूर स्टँडवरून सकाळची एसटी पकडली. जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीपूल. घोडेगावला कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते आणि बसमध्ये सगळीकडे ओल्या कांद्याचा वास. त्यापुढे वडाळा बहिरोबा.

वडाळ्याला उतरले की मला फेअरबँक साहेबांची गोष्ट आठवते. सॅम्युएल फेअरबँक हे अमेरिकन मिशनरी एकोणिसाव्या शतकात इथे राहिले. त्यांना पाखरांचा मोठा नाद. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात एक गाणारा पक्षी सापडतो, त्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक हे नाव आहे. लहानपणी पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि पाखरू त्याचं नाव घेऊन उडतं. आमच्या बाईंचं नाव मात्र कुठल्या पाखराला नाही, कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पाळकसाहेबांबद्दल थोडंसं. सात गावांच्या मंडळ्या आणि एक सायकल. रविवारी सकाळी एक उपासना, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला सायकलच्या नळीवर बसवून शेजारच्या गावी न्यायचे, कारण तिथे गायनाला आवाज कमी पडायचे. वाटेत ते मोठ्याने प्रार्थना करायचे, डोळे उघडे ठेवून, कारण रस्त्यात खड्डे. प्रार्थना डोळे उघडे ठेवूनही करता येते हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि पुढे छत्तीस वर्षं वॉर्डमध्ये तीच प्रार्थना माझ्या कामाला आली.

गावात शिरल्यावर आधी आजीकडे गेले, म्हणजे तिच्या कबरीकडे. आजीला अक्षर येत नव्हतं. पहाटे जात्यावर बसली की ती ओव्या म्हणायची, आणि त्या तिच्या स्वतःच्या असायच्या. एक मला आजही येते:

पहिली माझी ओवी गं, बेथलेहेमच्या तान्ह्याला
गव्हाणीत निजला देव, दुपटं नव्हतं पोराला

ही ओवी म्हणताना आजी दर वेळी "दुपटं" या शब्दावर जातं किंचित थांबवायची. तेवढ्या वेळात त्या बाळाला खरोखर थंडी वाजत असणार, असं मला वाटायचं. माझा विश्वास सुरू झाला तो बहुधा तिथे, पिठाच्या धुरळ्यात, आजीच्या मांडीला टेकून.

तिच्या शेजारी एक लहान ढिगारा आहे. त्यावर दगड नाही, आमच्या घरच्यांनाच जागा माहीत आहे. माझा धाकटा भाऊ.

१९७२चा दुष्काळ. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तांबडा मिलो, म्हणजे रेशनची परदेशी ज्वारी, खायचा, कामावर सुकडी मिळायची ती आई पदरात बांधून आणायची. १९७३च्या उन्हाळ्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, भावाला हगवण लागली. दीड वर्षाचा होता. दवाखान्यात नेईपर्यंत बैलगाडीतच गेला. मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री मी देवाजवळ बसून मागितलं होतं, अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं: आधी आभार, मग मागणं, शेवटी आमेन. एकही शब्द चुकला नव्हता.

घरात माणसं येत होती. कुणी म्हणालं, देवाला फूल हवं होतं. कुणी म्हणालं, त्याची इच्छा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझ्या पोटात राग पेटत होता. दुपारी बाई आल्या. त्यांच्या हातात शास्त्र नव्हतं. त्यांनी आईजवळ बसून तिची पाठ चोळली, मग उठून परसात गेल्या आणि सकाळपासून पडलेली भांडी राखेने घासायला बसल्या. दुष्काळ, पाणी हंडाभरच. त्यातलं वाटीभर घेऊन सगळी भांडी लख्ख केली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाई, मी तर नीट मागितलं होतं. मग का नाही दिलं?"

त्यांनी हातातली परात खाली ठेवली. त्यांचे हात राखेने कोपरापर्यंत पांढरे झाले होते. म्हणाल्या, "मला माहीत नाही गं."

बाईंना माहीत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे काही नाही. मग मनगटाच्या स्वच्छ बाजूने त्यांनी माझा गाल पुसला आणि पुन्हा परात घासायला घेतली. मीही त्यांच्याबरोबर बसले.

पुढचे चार रविवार मी शब्बाथ शाळेत गेले नाही. बाईंनी निरोप पाठवला नाही, बोलावणंही नाही.

इथे बाईंच्या तिकिटांबद्दल सांगायला हवं. आमच्या शब्बाथ शाळेत वचनाची छापील तिकिटं यायची नाहीत, त्यामुळे बाई ती घरी करायच्या. गावातल्या लग्नांच्या पत्रिका जमवायच्या, कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापायच्या आणि त्यावर बोरूने एकेक वचन लिहायच्या. एका बाजूला वचन, उलट बाजूला कुणाच्या तरी लग्नातलं "आग्रहाचे निमंत्रण". ती तिकिटं पत्र्याच्या डब्यात असायची. नियम एकच होता: तिकीट घरी न्यायचं, पाठ करायचं, पुढच्या रविवारी म्हणून दाखवून परत द्यायचं. कारण ते दुसऱ्या मुलाला लागणार असे.

त्या डब्यात एक तिकीट होतं, त्यावर दोनच शब्द: "येशू रडला." योहान, अकरावा अध्याय. सगळ्या पोरांना तेच हवं असायचं, पाठ करायला सोपं म्हणून. बाई ते कुणाला द्यायच्या नाहीत. "हे सगळ्यांत अवघड आहे," म्हणायच्या आणि डब्याच्या तळाशी सारायच्या.

पाचव्या रविवारी मी गेले. वर्ग सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं, डब्यात खालपर्यंत हात घातला आणि ते तिकीट माझ्या हातावर ठेवलं. काही समजावून सांगितलं नाही.

ते तिकीट मी पुढच्या रविवारी परत दिलं, म्हणून दाखवून. पण नर्स झाल्यावर, एखाद्या खाटेपाशी मूल गेलेली आई बसलेली असायची तेव्हा, मी तिला देवाची इच्छा कधी सांगितली नाही. मी पाणी आणून द्यायची, तिच्या अंगावरची चादर सारखी करायची, शेजारी बसायची. ते मला कुठल्याही नर्सिंग स्कूलने शिकवलेलं नाही.

संध्याकाळी गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे बाईंचे यजमान, प्राथमिक शिक्षक आणि आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. आता नव्वदी ओलांडली आहे. बाई जाऊन वीस वर्षं होत आली. ऐकू कमी येतं, बाकी सगळं खणखणीत.

"सलाम, गुरुजी."

त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "नळीवर बसणारी का तू?"

मी पाया पडले आणि मनात घोकून आणलेलं सगळं बोलायला लागले, की तुम्ही दोघांनी मला काय दिलं, मी कधी म्हटलं नाही, आज म्हणायला आले आहे. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मला नीट ऐकू येत नाही. गाणं म्हण. गाणं ऐकू येतं." सुनेला पेटी काढायला सांगितली.

लहानपणी त्यांनी बसवलेलं एक भजन मी म्हणायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर पेटी थांबली. "समेच्या आधी आलीस. पहिल्यापासून." पुन्हा म्हटलं. पुन्हा थांबली. "शब्द खाऊ नकोस. देवाला म्हणतेस, त्याला कळलं पाहिजे." तिसऱ्या वेळी पेटी पुढे गेली, आणि सून स्वयंपाकघरातून टाळ घेऊन आली. शेजारची दोन मुलंही येऊन बसली. बाहेर अंधार पडला तरी चालूच होतं.

मध्ये दम घ्यायला थांबले तेव्हा गुरुजी म्हणाले, "टिळक म्हणायचे ना, मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. इथून नेवासं किती लांब? ज्ञानोबांनी जिथे ज्ञानेश्वरी सांगितली त्या मातीत आपण राहतो. आपल्याला बेसूर गाऊन कसं चालेल?"

मग बाईंची गोष्ट निघाली. लग्नासाठी मुलगी पाहायला ते पाळकसाहेबांबरोबर केडगावला गेले होते, १९५७ साली. "मी तिला आधी पाहिलंच नाही," म्हणाले. "आत कुणीतरी गात होतं, ते ऐकलं. पाळकसाहेबांना म्हटलं, ही असेल तर हो सांगा. तीच निघाली." एवढं बोलून ते पेटीचा भाता नुसताच हलवत राहिले, सूर न दाबता.

रात्री बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि मेथी. झोपायच्या आधी कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली पाकिटावर आजी, पाळकसाहेब आणि गुरुजी अशी तीन नावं लिहिली. हयात असलेलं एकच.

चौथा दिवस, रविवार

चर्च तेच, फक्त कौलं जाऊन पत्रे आले आहेत. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, पुढे सतरंजीवर मुलं. गुरुजींना खुर्चीत बसवून आणलं होतं. पेटी आता त्यांचा नातू वाजवतो, पण त्याचं लक्ष सगळं आजोबांच्या बोटांकडे, कारण ती बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती.

दानार्पणाच्या वेळी मी पाकीट टाकलं. तरुण पाळकसाहेबांनी ते उचललं, आणि पाच नावं बघून क्षणभर थांबले. मग एकेक करून वाचली. "यांनी मला लहानपणी प्रभूची ओळख करून दिली म्हणून उपकारस्तुती." बाईंचं नाव आलं तेव्हा बायकांच्या बाजूला हालचाल झाली. माझ्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आमच्या बाई." गुरुजींना नावं ऐकू गेली नसावीत. नातवाने वाकून कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि समोर क्रुसाकडे बघत राहिले.

उपासनेनंतर शब्बाथ शाळा होती, चर्चच्याच व्हरांड्यात. शिकवणारी पस्तिशीची असेल, अंगणवाडीत कामाला आहे. ती बाईंच्या शेवटच्या काळातली विद्यार्थिनी. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. झाकणावरचा रंग उडून गेलेला, एका कोपऱ्याला गंज.

"अजून तीच तिकिटं?" मी विचारलं.

"फाटली ती नवीन केली. बाकी बाईंच्याच हातची आहेत."

मी डबा मागून घेतला आणि खालपर्यंत हात घातला. होतं. कडा मऊ झाल्या आहेत, शाई तपकिरी पडली आहे. "येशू रडला." उलट्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची तिथी, १९७१ सालची, आणि अर्धवट कापलेलं "आपले नम्र".

मी तिला म्हणाले, "हे मी घेऊन जाऊ का? पुण्याला. जपून ठेवीन."

ती गडबडली. मला नाही म्हणायचं तिला अवघड जात होतं. मग म्हणाली, "ताई, पाठ करून परत द्यायचं असतं ना."

तिचं बरोबर होतं. सतरंजीवर पंधरा-वीस मुलं बसली होती, त्यांच्यात शेवटी मीही उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा हात जोडून ते दोन शब्द म्हटले, योहान अकरा, पस्तीस, आणि तिकीट तिच्या हातात दिलं. पुढे बसलेला एक मुलगा लगेच ओरडला, "मला ते द्या, मला ते द्या, सोपंय!"

तिने ते डब्याच्या तळाशी सारलं.